पळण्याआधीचे आठ तास

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात आठवडा गुरुवारी संपतो. विजेचा भार सात दिवसांत वाटला जावा म्हणून औद्योगिक वसाहतींना सुट्टीचे वेगवेगळे वार ठरवून दिले गेले. त्यात इथल्या पुष्कळ कारखान्यांच्या वाट्याला गुरुवार आला आणि तो पुढे अंगवळणी पडला. पळण्याच्या शर्यती मात्र रविवारी असतात. रविवारी पहाटे छातीवर क्रमांक लावून दहा किंवा एकवीस किलोमीटरसाठी उभ्या असलेल्यांपैकी काही जण मध्यरात्री सेकंड शिफ्ट संपवून जेमतेम चार तास झोपून आलेले असतात. काहींना पदक गळ्यात पडल्यावर घरी जाऊन, डबा उचलून दुपारची कंपनी बस गाठायची असते. त्यांच्या मोबाइलमधलं सरावाचं वेळापत्रक मात्र दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आणि शनिवार-रविवार मोकळा असणाऱ्या माणसासाठी आखलेलं असतं. मंगळवारी वेगाचा सराव, रविवारी लांब पल्ला, सोमवारी विश्रांती. सोमवारी फर्स्ट शिफ्टला लाइनवर उभं राहायचं असेल, तर त्या विश्रांतीचं काय करायचं, हे त्या वेळापत्रकात कुठेच लिहिलेलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की दुखापतीविना पळायचं असेल तर इथल्या माणसाने पळण्याचा हिशेब शिफ्टपासून मांडायला हवा. पहिलं पाऊल टाकण्याआधी त्याचे पाय आठ तास राबलेले असतात. ते राबणं सरावाच्या वहीत धरलं, की पुढच्या गोष्टींचा क्रमही आपोआप बदलतो. आधी पायांत ताकद, मग शरीराचं भान आणि त्यानंतर लवचिकता. आज सगळीकडे याच्या उलट चालतं. मैदानावर आल्या आल्या पाय ताणायचे, मग घड्याळाकडे बघत पळायचं आणि ताकदीचा विषय गुडघा धरल्यावर फिजिओथेरपिस्टच्या दारात पहिल्यांदा ऐकायचा.

पहाटे पाचला स्पाइन रोडवर उभं राहिलं, तर पळणाऱ्यांचे तीन घोळके ओळखू येतात. पहिला सोसायट्यांमधल्या हौशी धावपटूंचा. गटाचा एकसारखा टी-शर्ट, मनगटावर घड्याळ, पायात महागडे बूट. दुसरा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींचा. बीड, लातूर, नांदेड, बुलढाणा, जळगावकडून आलेली ही मुलं चार-पाच जणांत एक खोली घेऊन राहतात, दिवसा कुठेतरी हेल्पर किंवा ट्रेनी म्हणून काम करतात आणि अंधारात ‘सोळाशे’ मीटर मारतात. तिसरा पस्तिशी-चाळिशीतल्या कामगारांचा. साखर किंवा रक्तदाब निघाला म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं, चालता चालता पळायला लागले आणि मग पळण्याचा लळा लागला. तिघांची दुखणी तीच असतात: नडगी, गुडघा, टाच, पोटरी. पहिल्याला उपचार परवडतो. दुसरा आणि तिसरा दुखणं अंगावर काढतात. कंत्राटी मुलाचा खाडा झाला की त्या दिवसाचा पगार गेला, मग पळून दुखावलेल्या पायासाठी तो रजा कुठून काढणार? मी हे मुख्यतः या दोघांसाठी लिहितो आहे.

शंभर वर्षांपूर्वी याच मुलखातल्या पायांनी भारताला ऑलिंपिकची वाट दाखवली होती. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धेत आसपासच्या खेड्यांतले शेतकरी अनवाणी पळताना दोराबजी टाटांनी पाहिले. या शेतकऱ्यांच्या वेळा युरोपच्या तोडीच्या आहेत हे टाटांनी हेरलं आणि त्यांच्या पुढाकारातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. वेळ होती २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. त्याच संघात कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे दोन पैलवानही होते. पळणारे आणि कुस्ती खेळणारे एकाच संघातून गेले, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्याकडे पुढे येतोच.

त्या शेतकऱ्याला ताकदीसाठी वेगळा व्यायाम करावा लागत नव्हता. नांगरामागे ढेकळांतून चालणं, मोट हाकणं, डोक्यावर भारा घेऊन बांध चढणं, उकिडवं बसणं-उठणं यांत प्रत्येक सांध्यावर दर दिवशी निरनिराळ्या दिशांनी ताण यायचा. शेतीने शरीर झिजत नव्हतं असं मी म्हणत नाही. साठीत कमरेत वाकलेली माणसं प्रत्येक गावाने पाहिली आहेत. पण त्या श्रमात पालट होता आणि पायांना अनेक प्रकारचं काम होतं. १९६६ साली टाटांचाच टेल्कोचा कारखाना पुण्याच्या या बाजूला आला. त्याच्या आगेमागे इतर कारखाने आले आणि शतक बदलताना हा पट्टा चाकणपर्यंत पसरला. गावागावांतली पुढची पिढी लाइनवर उभी राहिली. श्रम कमी झाले नाहीत, त्यांची जात बदलली.

असेंब्ली लाइनवरचं एखादं स्टेशन जवळून पाहा. दर दोन मिनिटांनी गाडी एक घर पुढे सरकते. ऑपरेटर डावीकडच्या ट्रॉलीतून बोल्ट उचलतो, कमरेतून वळतो, वरून लोंबणारी गन उजव्या हाताने खाली ओढतो, चार बोल्ट कसतो आणि पुन्हा ट्रॉलीकडे वळतो. वळताना सगळा भार उजव्या पायावर असतो. उजवा गुडघा मागे ताठ अडकवलेला, डावी टाच किंचित सुटलेली. शिफ्टभरात हे दोनशेहून अधिक वेळा होतं आणि दर वेळी त्याच बाजूने होतं. पायात लोखंडी टोपीचे जड सेफ्टी शूज असतात. त्यांत पंजा वाकत नाही आणि घोटाही पुरता हलत नाही. चालताना पोटरी आवळते-सुटते तेव्हा ती पायातलं रक्त वर ढकलते. एका जागी उभं राहिलं की ते काम मंदावतं, पाय जड होतात आणि संध्याकाळी मोजा काढला की घोट्याच्या वर त्याची रेघ खोल उमटलेली दिसते. उभं राहून काम करणाऱ्यांना, कामात अडथळा न येता संधी मिळेल तेव्हा, बसता यावं यासाठी सोय ठेवावी, असं १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम ४४ सांगत आलं. ती सोय आपल्या शॉपमध्ये कुठे होती, हे वाचकांमधल्या कामगारांनी स्वतः आठवून पाहावं.

आता याच माणसाने संध्याकाळी सहाला पळायला सुरुवात केली, असं समजा. पळताना दर पावलाला जमीन शरीराला त्याच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोराने उलट ढकलते. सत्तर किलोच्या माणसाला हा भार दीड-दोन क्विंटलच्या घरात जातो आणि तो एका वेळी एकाच पायावर येतो. हौशी धावपटूची किलोमीटरला हजार-बाराशे पावलं पडतात, म्हणजे पाच किलोमीटरमध्ये एकेका पायावर अडीच-तीन हजार वेळा हा भार पडतो. तो झेलायचं काम मुख्यतः स्नायूंचं. पोटरीच्या आतल्या थरात सोलिअस नावाचा रुंद, चपटा स्नायू आहे. पळताना त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या सहापटीहून अधिक ताण येतो. आणि दिवसभर एका जागी उभं असताना आपण पुढे कलंडू नये म्हणून जो स्नायू सतत राबत असतो, तोही सोलिअसच. लाइनवर जो आधीच थकतो, पळताना सर्वांत मोठं काम त्याच्याच वाट्याला येतं. तो दमला की भार नडगीच्या हाडावर, टाचेच्या कंडरेवर आणि तळव्यावर जातो. माझ्या साऱ्या युक्तिवादाचा कणा हाच आहे. खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या वेळापत्रकात हा थकवा धरलेलाच नसतो.

दुसरी अडचण वेळेची. दम दोन-तीन आठवड्यांत वाढतो. स्नायू दीड-दोन महिन्यांत साथ द्यायला लागतात. कंडरांना कित्येक महिने लागतात. हाडाचं तर आणखी वेगळं आहे. नवा ताण पडला की शरीर आधी जुनं हाड थोडं पोखरतं आणि मग तिथे नवं, मजबूत हाड भरतं. हा फेरा पुरा व्हायला तीन-चार महिने लागतात आणि मधले काही आठवडे हाड पूर्वीपेक्षा नाजूक असतं. नेमक्या त्याच आठवड्यांत दम वाढलेला असतो, पळणाऱ्याला हुरूप आलेला असतो आणि तो अंतर वाढवतो.

पोलीस भरतीची जाहिरात निघाल्यावर हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. पन्नास गुणांच्या मैदानी चाचणीत मुलांच्या १६०० मीटरला आणि मुलींच्या ८०० मीटरला २० गुण आहेत. उरलेले ३० गुण शंभर मीटर आणि गोळाफेक यांत विभागलेले. ‘ग्राउंड’ निघालं तर आयुष्य मार्गी लागतं, म्हणून आतापर्यंत न पळालेली मुलं एकदम रोज पळायला लागतात. डांबरावर, काँक्रीटवर, ट्रकच्या कडेने, दोन महिन्यांत सगळं बसवायच्या घाईने. सहा आठवड्यांच्या आत खोलीतल्या दोघांना शिनपेन, म्हणजे नडगीचं दुखणं, सुरू झालेलं असतं. मग बर्फ, मलम, पट्टी, गोळी आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी राउंड.

इथे एक गोष्ट प्रत्येक मुलाला माहीत असायला हवी. नडगीच्या आतल्या कडेने वीतभर लांबीत दुखत असेल आणि अंग तापल्यावर कमी होत असेल, तर बहुतेक वेळा तो हाडाच्या कडेशी पडलेला ताण असतो. पळणं कमी करून आणि पोटरी बळकट करून तो सावरतो. पण दुखरी जागा एका बोटाने दाखवता येत असेल, रात्री अंथरुणातही ठणकत असेल, एका पायावर उडी मारताच कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शक्यता धरून त्याच दिवशी पळणं थांबवायचं आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. असा तडा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही, म्हणून स्वच्छ एक्स-रे हातात आला तरी पळण्याची परवानगी मिळाली असं समजू नये. मुलींच्या बाबतीत आणखी जपायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली होती. अर्धपोटी पळणाऱ्या मुलीची मासिक पाळी लांबली किंवा थांबली, तर तिच्या हाडांना पुरेसं पोषण मिळत नाही, अशी ती खूण असू शकते. ‘सरावाने होतं असं’ म्हणून ती सोडून देणं धोक्याचं आहे.

ताकदीने दुखापत टळते का? पुरावा आहे, पण तो नीट वाचायला हवा. २०१४ साली पंचवीस चाचण्या आणि सव्वीस हजारांवर खेळाडू एकत्र धरून एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ताकदीच्या व्यायामाने खेळातल्या दुखापती एक-तृतीयांशाहूनही खाली येतात, अतिवापराने होणाऱ्या दुखापती जवळपास निम्म्या होतात आणि नुसत्या ताणण्याने काही फरक पडत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यातले बरेच खेळाडू फुटबॉल-हँडबॉलसारख्या खेळांचे होते. फक्त धावपटूंवरच्या चाचण्यांचं चित्र मिश्र आहे. न्यूयॉर्क मॅरेथॉन पहिल्यांदा पळणाऱ्या सातशेहून अधिक लोकांना घरच्या घरी, चित्रफिती बघून व्यायाम करायला सांगितला गेला. २०२० साली निष्कर्ष आले, त्यात दुखापतींत फरक नव्हता. त्याच वर्षी ब्राझीलच्या साओ पाउलोमधल्या चाचणीत पायाच्या पंजाचे आणि घोट्याचे स्नायू बळकट केलेल्या धावपटूंपेक्षा न केलेल्यांना दुखापतीचा धोका जवळजवळ अडीचपट निघाला. फिनलंडमध्ये नवख्या धावपटूंना नितंब आणि कंबरेभोवतीचे व्यायाम देखरेखीखाली दिले, तेव्हा पायाच्या दुखापतींचा धोका ३४ टक्क्यांनी कमी झाला. हे निष्कर्ष २०२४ चे.

या तिन्ही चाचण्या शेजारी ठेवल्या की मला एक फरक ठळक दिसतो. साओ पाउलो आणि फिनलंडमध्ये शिकवणारं, चुका दुरुस्त करणारं माणूस समोर होतं. न्यूयॉर्कमध्ये पडदा होता. दुसरीही कारणं असतील, पण व्यायाम कुणाच्या नजरेखाली होतो, याला मोल आहे असं मी मानतो. आणि नजरेखाली व्यायाम करवून घेणारी माणसं व जागा या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

भोसरी, मोशी, चिखली, चऱ्होली ही गावं महापालिकेत आली, चहूबाजूंनी कारखान्यांनी आणि इमारतींनी वेढली गेली, पण जत्रेला कुस्त्यांचा आखाडा अजून भरतो. तालमीतला वस्ताद पोराला जोर मारायला सांगून निघून जात नाही. कंबर पडली की हाक येते, छाती अर्ध्यावर थांबली की पुन्हा मारायला लावतो, आणि आज किती पुरे हेही तोच ठरवतो. पळणाऱ्यांनी तालमीकडे पाठ फिरवली, हे मला या भागातल्या धावण्याचं सर्वांत मोठं नुकसान वाटतं. १९२० च्या संघात धावपटू आणि पैलवान शेजारी होते. आज दोघांची ओळखही नसते.

तालमीचा व्यायाम जसाच्या तसा उचलावा असंही नाही. बैठक टाचा उचलून, चवड्यावर मारली जाते, त्यामुळे मांडीचा पुढचा भाग आणि पोटरी दोन्ही कामाला लागतात. तेवढं धावपटूसाठी उत्तमच. पण पळणं ही एका पायावरून दुसऱ्या पायावर पडण्याची क्रिया आहे आणि बैठक दोन पायांवर होते. नितंबाला आणि मांडीच्या मागच्या बाजूला तिच्यात पुरेसं काम मिळत नाही. म्हणून भर घालायला हवी. हातात वजन घेऊन एका पायाने पायरी चढणं आणि सावकाश उतरणं. पाठ सरळ ठेवून, कंबर मागे नेत वाळूचं पोतं जमिनीवरून उचलणं. भिंतीला बोट लावून एका पायावर टाच वर-खाली करणं, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, कारण गुडघा वाकवल्यावर सोलिअसला खरं काम लागतं. एका पायावर सलग पंचवीस टाचा न थांबता उचलता येत नसतील, तर त्या पायाने सोळाशेचा वेग वाढवायची घाई करू नये. आठवड्यातून दोनदा अर्धा तास पुरतो. वजन मात्र महिन्यागणिक वाढलं पाहिजे. तीच वीस-पंचवीस हलकी आवर्तनं वर्षभर मारत राहिल्याने ताकद वाढत नाही. आणि ही जागा मुलींनाही खुली हवी. २०२३ पासून महिला महाराष्ट्र केसरीची कुस्ती होते आहे, तेव्हा तालमीच्या दारात मुलगी कशी, हा प्रश्न आता कुणी विचारू नये.

लवचिकतेविषयी थोडक्यात. पळण्याआधी पाय ताणून धरल्याने दुखापत टळते, ही समजूत जितकी पक्की आहे तितका तिचा आधार कच्चा आहे. ऑस्ट्रेलियात १,५३८ लष्करी रंगरूटांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ताणणाऱ्यांना आणि न ताणणाऱ्यांना दुखापती सारख्याच झाल्या. पळण्याआधी पाच मिनिटं झपझप चालावं, पाय पुढे-मागे झुलवावेत, हलकं पळावं, तेवढं बस. मात्र दिवसभर सेफ्टी शूजमध्ये आखडलेला घोटा ही खरी अडचण आहे. अंगठा भिंतीपासून साधारण दहा सेंटीमीटर मागे ठेवावा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का पाहावं. टेकत नसेल तर त्या घोट्यावर रोज दोन मिनिटं खर्च करावीत. आणि योगासनं म्हणजे नुसतं ताणणं असं समजणाऱ्यांना लोणावळ्याची आठवण द्यावीशी वाटते. पिंपरीहून लोकलने थेट जाता येतं तिथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम उभारलं आणि आसन-प्राणायामाचा शरीरावर होणारा परिणाम उपकरणांनी मोजायला सुरुवात केली. वृक्षासनात एका पायावर मिनिटभर स्थिर राहणाऱ्याच्या घोट्यातले बारीक स्नायू किती काम करतात, हे करून पाहणाऱ्यालाच कळेल. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी घराघरांत आणि शाळांत नेलेले सूर्यनमस्कारही सावकाश घातले तर त्यांत ताकद आणि लवचिकता दोन्ही आहेत. जिथपर्यंत सांधा स्वतःच्या ताकदीने नेता आणि आवरता येतो, तेवढीच लवचिकता धावपटूच्या उपयोगाची.

शरीराचं भान याबद्दल मात्र अधिक सांगायला हवं, कारण ते कुणी शिकवतच नाही. स्नायूंत आणि सांध्यांत अशी संवेदनाग्रं असतात की डोळे मिटले तरी आपला पाय कुठे आहे, किती वाकला आहे, त्यावर किती भार आहे, हे मेंदूला कळत राहतं. घोटा एकदा जोरात मुरगळला की ही जाणीव बोथट होते. सूज उतरल्यावर माणूस पळायला लागतो, पण घोट्याची खबर मेंदूपर्यंत उशिरा पोहोचते आणि तोच घोटा पुन्हा मुरगळतो. एका पायावर डोळे मिटून उभं राहण्यासारखा तोल सांभाळायचा साधा सराव हे चक्र तोडू शकतो.

एक चाचणी आजच करून पाहा. फुटपाथच्या कडेवर एका पायावर उभे राहा, कुणाला तरी समोरून मोबाइलवर चित्रण करायला सांगा आणि दुसऱ्या पायाची टाच सावकाश, तीन सेकंद घेत, खालच्या रस्त्याला टेकवा. मग चित्रण पाहा. उभ्या पायाचा गुडघा आत, अंगठ्याच्याही पलीकडे पडतो का? कंबर एका बाजूला ढळते का? तळव्याची कमान सपाट होते का? करताना बहुतेकांना वाटतं की गुडघा सरळ जातो आहे. पडद्यावर तो आत पडलेला दिसतो. आपल्याला जे वाटतं आणि शरीर जे करतं यांतलं हे अंतर पाच-सहाशे पावलांना खपून जातं, पण पाच हजार पावलांना आणि थकलेल्या पायांना खपेलच असं नाही. आता हीच चाचणी शिफ्ट संपल्यावर करा आणि दोन्ही चित्रणं शेजारी लावून पाहा. त्या दिवशी किती पळायचं, हे दुसरं चित्रण घड्याळापेक्षा चांगलं सांगेल.

या पट्ट्यातल्या माणसांना ऐकण्याची कला नवी नाही. सीएनसीवर दहा वर्षं काढलेला ऑपरेटर नुसत्या आवाजावरून सांगतो की इन्सर्ट संपत आला आहे. मीटर काहीही दाखवो, तो मशीन थांबवतो आणि त्याबद्दल त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. तोच माणूस स्वतःची टाच तीन आठवडे सकाळच्या पहिल्या पावलाला ओरडत असताना पळत राहतो, कारण गटात थांबणाऱ्याला कच्चा समजलं जातं. पळण्याच्या गटांनी ही भाषा बदलायला हवी. दुखणं दहापैकी तीनच्या खाली असेल, पळताना वाढत नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मागे उरत नसेल, तर पळायला हरकत नाही. यातलं एक जरी मोडलं तर त्या दिवशी परत फिरायचं. फिजिओथेरपिस्टांमध्ये रूढ असलेला हा साधा नियम गटाच्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितला जावा.

अंतर वाढवण्याबद्दलही एक गोष्ट नव्याने कळली आहे. आठवड्याचं एकूण अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, असा नियम वर्षानुवर्षं सांगितला गेला. पण नेदरलँड्समध्ये नवख्या धावपटूंवर तो तपासला, तेव्हा हळूहळू वाढवणाऱ्यांना आणि भरभर वाढवणाऱ्यांना दुखापती सारख्याच निघाल्या. २०२५ साली पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या नोंदींचा अभ्यास आला. त्यात एक वेगळाच धोका दिसला. मागच्या तीस दिवसांतल्या सर्वांत लांब पळण्यापेक्षा एखाद्या दिवशी एकदम दहा टक्क्यांहून जास्त पळालं की दुखापत वाढते. म्हणजे आठवड्यापेक्षा एकेक दिवस मोजायला हवा. नाइट शिफ्टमुळे तीन आठवडे लांब पल्ला चुकला आणि मग गुरुवारी सुट्टी मिळाली म्हणून एकदम अठरा किलोमीटर मारले, तर धोका नेमका तिथे असतो.

झोप तर याहून मोठी गोष्ट. किशोर खेळाडूंच्या एका अमेरिकी अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापतीचा धोका १.७ पट आढळला. दर आठवड्याला शिफ्ट बदलणाऱ्या, पत्र्याच्या खोलीत दुपारच्या उन्हात झोपायचा प्रयत्न करणाऱ्या मुलाला आठ तास कुठून मिळणार? माझं मत स्पष्ट आहे. नाइटच्या आठवड्यात वेगाचा सराव बंद ठेवावा, अंतर निम्मं करावं आणि ताकदीची दोन सत्रं चुकवू नयेत. मात्र सगळा भार एकट्या कामगाराच्या शहाणपणावर टाकणं अन्यायाचं आहे. कारखाने कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे तास तेच राहतील, असं सांगितलं जातं. पण शरीर आठवड्याची बेरीज करत नाही. बाराव्या तासाला पोटरी थकलेली असते आणि घर अजून तासभर लांब असतं, कारण नाशिक महामार्गावर चाकणची कोंडी आहे. कामगाराच्या आरोग्याविषयी बोलताना ‘व्यायाम करा’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने आधी या बारा तासांबद्दल आपलं मत सांगावं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: पळूनच पाय मजबूत होतात, केनियाचे धावपटू कुठे पोती उचलतात? त्यांचं लहानपण डोंगरउतारांवर गेलेलं असतं आणि त्यांच्या दिवसात दोन सरावांमध्ये दुपारची झोप असते. आपल्या मुलाच्या दिवसात त्या जागी शिफ्ट आहे. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: एवढं करूनही दुखापत होतेच. होते. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे घ्या. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करणारा, सैन्यात घडलेला, जाणत्या प्रशिक्षकांच्या हाताखालचा खेळाडू. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोला पाण्याच्या अडथळ्यावर पडला आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी लागली. धावपटूंना होणाऱ्या दुखापतींचं प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत १९ टक्क्यांपासून ७९ टक्क्यांपर्यंत सांगितलं गेलं आहे. कायमची दुखापतमुक्ती कुणी देऊ शकत नाही आणि तसं वचन देणाऱ्याचे वर्ग लावू नयेत. अपघात आपल्या हातात नसतो. महिनोन्‌महिने साचत गेलेली दुखापत मात्र बरीचशी आपल्या हातात असते आणि या पट्ट्यातली बहुतेक दुखणी साचलेली आहेत.

म्हणून काही मागण्या. भोसरीच्या इंद्रायणीनगरमधल्या संत ज्ञानेश्वर क्रीडा संकुलात धावपट्टी आहे. तिच्या कडेला वजनं, पायऱ्या आणि एक प्रशिक्षक महापालिकेने ठेवावा आणि वेळा शिफ्ट बघून ठेवाव्यात, सकाळी नऊ ते अकरासुद्धा, कारण सेकंड शिफ्टवाल्याला तेव्हाच सवड असते. शर्यतींच्या आयोजकांनी वर्षातून एक तरी शर्यत गुरुवारी घ्यावी. काही कारखान्यांत शिफ्टच्या सुरुवातीला पाच-दहा मिनिटं कवायत होते, ती तशीच चालू द्यावी, पण शिफ्टच्या मध्यावर दोन मिनिटं टाचा उचलायला आणि बूट सैल करायलाही मिळावीत. ऑपरेटरची बाजू दर काही तासांनी बदलता येईल अशी स्टेशनची मांडणी करणं इंजिनिअरांना अवघड नाही.

आणि भरतीच्या अकॅडमी चालवणाऱ्या सरांना एक विनंती. मुलांची वेळ नोंदवायची वही तुमच्याकडे असतेच. तिच्यात आणखी दोन रकाने आखा: काल कोणती शिफ्ट केली, आणि किती तास झोप झाली. पोरगं मैदानात आलं की शिट्टी वाजवण्याआधी हे दोन आकडे विचारून लिहा आणि ज्याची झोप पाच तासांच्या आत आहे, त्याला त्या दिवशी सोळाशे पळवू नका.